पाळकबाजूची भिंत

सगुणा रणभिसे साताऱ्याला शिक्षिका म्हणून आली त्याला तीन वर्षं झाली होती. या तीन वर्षांत ती जिथं जिथं बसली तिथं आधी दार कुठं आहे ते बघूनच बसली. शाळेत तिनं टेबल ओढून दारापाशी घेतलं होतं. भाड्याच्या खोलीत खाट उंबऱ्याला लावलेली. घरमालकीण म्हणायची, "अगं, वारं लागंल की." सगुणा म्हणायची, "मला उकडतं." पौषातसुद्धा तिला उकडायचं.

रविवारी देवळात तिची जागा अशीच हेरून घेतलेली होती. कॅम्पातलं ते दगडी देऊळ, म्हणजे चर्च, गोऱ्या पलटणीसाठी बांधलेलं. गोरे गेले, पलटण गेली, मराठी मंडळी आली. पण गायनमंडळाची बाकं जुन्या पाद्र्यानं मांडली तशीच राहिली. वेदीच्या अलीकडं, मधली वाट सोडून, दोन्ही अंगांना दोन-दोन बाकं, समोरासमोर तोंडं केलेली. उजवीकडची, म्हणजे दक्षिणेची, ती पाळकबाजू, कारण पाळकसाहेबांची खुर्ची त्या अंगाला. डावीकडची ती गवईबाजू, कारण मुख्य गवई तिथं बसतो. स्तोत्राची एक ओळ पाळकबाजू म्हणणार, दुसरी गवईबाजू. ही थांबली की तिनं उचलायची.

कोण कुठल्या बाजूला, याला लग्नातल्या मानपानाएवढी किंमत होती. मनुबाईची आजी पाळकबाजूला बसायची, मग आई बसली, आणि आता साठी उलटलेल्या मनुबाई त्याच बाकावर, त्याच जागी बसत. सगुणाला मानाशी देणंघेणं नव्हतं. तिची जागा गवईबाजूच्या मागच्या बाकावर, अगदी टोकाला. डाव्या हाताला दोन पावलांवर सामानाच्या खोलीचं दार होतं आणि त्या खोलीतून थेट बाहेर पडता येत होतं. त्या दारासाठीच ती गायनमंडळात आली म्हटलं तरी चालेल. आवाज मात्र तिला खरोखरच होता. उंच आणि स्वच्छ, कितीही वर गेला तरी न चिरकणारा.

आणि त्या आवाजानंच घात केला. त्र्याहत्तर सालच्या भाद्रपदात पाळकबाजूच्या सुलाबाई लेकाकडं खंडाळ्याला राहायला गेल्या आणि तिकडं वरचा सूर धरायला कोणी उरलं नाही. मुख्य गवई होते शलमोन आप्पा थोरात. वीस वर्षं पलटणीच्या बँडमध्ये बिगुल वाजवून पेन्शनीत आलेला माणूस. बोलायचे तेही बिगुलासारखंच.

"सगुणा, पुढच्या रविवारपास्नं तू तिकडं. मनुबाईच्या शेजारी."

"आप्पा, मी इथंच बरी आहे."

"बरं-वाईट इचारलंय का तुला? लाइनीत भोक पडलंय, ते भरायचं. आर्डर म्हंजे आर्डर."

सगुणा तिकडं गेली. बसल्या बसल्या तिच्या मानेला गार झुळूक लागली. मागं खिडकी बंद होती. उपासना संपल्यावर तिनं वळून पाहिलं. दक्षिणेच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून खाली, थेट बाकाच्या पाठीमागं, एक चीर उतरली होती. सदुसष्टच्या भूकंपात ती पडली होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हाच सिमेंट भरून वर चुना फासला होता. पण आता त्या चुन्याला केसाएवढी नवी रेघ उमटली होती. दोन वर्षांच्या दुष्काळानं जमीन तडकली होती आणि यंदाच्या पावसानं ती पुन्हा फुगली होती. बाकाची पाठ आणि ती भिंत यांच्यात वीतभर अंतर होतं.

त्या रात्री तिला झोप लागली नाही.

सगुणा मूळची कोयनानगरची. वडील धरणावर फिटर. भूकंपात त्यांचं घर बसलं, ती ढिगाऱ्याखाली सापडली, पाय मोडला, मिरजेच्या दवाखान्यात चार महिने प्लॅस्टरमध्ये पडून राहिली. पुढं सांगलीला चुलत्याकडं राहून तिनं शिक्षिकेचा कोर्स केला. एवढं कॅम्पातल्या सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच तिच्या भीतीला कोणी भीक घालत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तीही घालत नव्हती. गेल्या वर्षी खडीनं भरलेला एक ट्रक शाळेशेजारून गेला, खिडक्या थरथरल्या, आणि ती वर्गात किंचाळली, "बाहेर पळा!" चाळीस पोरं पायऱ्यांवरून धडाधडा उतरली. त्यात एका पोराचा हात मोडला. हेडबाईंनी बोलावून घेतलं. रागावल्या नाहीत, समजुतीनं बोलल्या, आणि तेच तिला जास्त लागलं. तेव्हापासून पोरं मागून तिला 'भूकंपबाई' म्हणत.

त्यामुळं आता ती स्वतःलाच विचारत होती. भिंत हलतेय, की मी?

वडिलांनी एकदा सांगितलं होतं, की भूकंपानंतर सरकारी माणसं फुटक्या भिंतींवर काचेच्या पट्ट्या चिकटवून जायची. चीर वाढली तर काच फुटणार. काचेला मन नसतं, ती उगीच घाबरून फुटत नाही. सगुणानं शाळेच्या प्रयोगशाळेतून सूक्ष्मदर्शकाच्या दोन काचपट्ट्या मागून आणल्या. शनिवारी दुपारी देऊळ झाडणारा गुंडा तेवढा तिथं होता. तिनं बाकामागं वाकून, चिरेवर आडवी, प्लॅस्टरनं एक पट्टी बसवली.

गुंडा केरसुणी टेकून बघत राहिला. "बाई, ह्ये काय?"

"भिंतीची नाडी बघतेय," ती म्हणाली.

तीन रविवार काच धड राहिली. दर रविवारी ती आधी वाकून बघायची आणि मगच बसायची. चौथ्या आठवड्यात तिला स्वतःची लाजही वाटली आणि जिवाला स्वस्थताही आली. आपणच वेड्या, असं म्हणत ती घरी मोकळेपणी गायली.

मग ऑक्टोबरात एका संध्याकाळी, जेवणाच्या वेळेला, फळीवरची भांडी वाजली. सगळा सातारा रस्त्यावर आला, तासभर उभा राहिला आणि पुन्हा आत जाऊन जेवला. कोयनेकडचे धक्के आता अंगवळणी पडले होते. सगुणा पहाटेपर्यंत बाहेरच्या पायरीवर बसून राहिली. सकाळी देवळात जाऊन पाहिलं तर काच मधोमध फुटली होती.

ती आप्पांना घेऊन पाळकसाहेबांकडं गेली. रेव्हरंड लेवी उजागरे भला माणूस, पण कामांच्या यादीखाली दबलेला. ते म्हणाले, "सगुणाबाई, त्या संध्याकाळी आमच्या घरी चार कपबशा फुटल्या. म्हणून काय घर पडणार आहे?"

तिनं दुसरी काच लावली. नंतर धक्का बसला नाही. ट्रक गेला नाही. वारासुद्धा सुटला नाही. आठव्या दिवशी ती काच फुटलेली होती, आणि तिचे दोन तुकडे एकमेकांपासून ज्वारीच्या दाण्याएवढे लांब गेले होते.

ती जमिनीवर बसली. इतके दिवस तिला वाटत होतं, की एकदा खरं काय ते कळलं की भीती जाईल. आता कळलं होतं, आणि भीती दुप्पट झाली होती.

पाळकसाहेबांनी या खेपेला ऐकून घेतलं. पण पिकासाठी देवाचे आभार मानायचा हंगामाचा सण दोन आठवड्यांवर आला होता आणि सणाला बिशपसाहेब येणार होते. "सहा वर्षांपूर्वी इंजिनिअर पाहून गेलेत. सण होऊ द्या, मग गवंडी बोलावू."

"तोवर बाकं तरी पुढं ओढा."

"बाकं फरशीत बसवलेली आहेत, बाई."

मनुबाईंनी तर सगळ्यांसमोर सुनावलं. "पडायची असती तर त्या साली पडली असती. भिताड हाय तिथंच हाय. तुझ्या मनातलं पडतंया, बाई."

मंडळी हसली. आप्पा मात्र हसले नाहीत. सगळे पांगल्यावर ते हळू म्हणाले, "पोरी, पलटणीत मी लय भ्यालेली माणसं बघितलीत. मोठमोठे हंबीरराव बघितलेत. त्यात लाज न्हाई. असं कर, तू माझ्या जाग्यावर बस, गवईबाजूला. मी तिकडं बसतो. वरचा सूर न्हाई तर न्हाई, माझा खर्ज घेतील."

"आप्पा, तुम्ही कशाला..."

"आर्डर हाय."

ती लगेच हो म्हणाली. किती लगेच म्हणाली ते तिचं तिलाच जाणवलं आणि कानशिलं तापली.

सरावाच्या दिवशी ती गवयाच्या जागी बसली. दार जवळ होतं, पाठीशी चांगली भिंत होती. पण आता ती फुटकी भिंत तिच्या समोर आली, आणि त्या भिंतीखाली सहा माणसं ओळीनं बसलेली. आप्पा, मनुबाई आणि आणखी चौघं. ती त्या अंगाला होती तोवर तिला निदान दिसत तरी नव्हतं.

पाळकबाजूनं पहिली ओळ म्हटली. गवईबाजूनं दुसरी. पाळकबाजू तिसरी उचलायला क्षणभर उशीर करत होती, आप्पा जागेला नवे होते म्हणून. तेवढ्या त्या क्षणात सगुणा समोरची सहा तोंडं मोजत होती.

कारण ते आलटून पालटून बोलणं, ते उत्तराची वाट बघणं तिला माहीत होतं. हे मात्र कॅम्पात कोणालाच माहीत नव्हतं. कोयनानगरला त्या पहाटे ती एका खोलीत होती आणि तिची धाकटी बहीण यमुना पलीकडच्या. मधली भिंत दोघींच्या मध्ये आडवी झाली. अंधारात, तोंडात माती, यमुना हाक मारायची, "अक्का," आणि सगुणा म्हणायची, "हाय गं." मग सगुणा हाक मारायची आणि यमुना म्हणायची, "हाय." किती वेळ चाललं ते तिला सांगता आलं नसतं. मग सगुणानं एकदा हाक मारली, आणि पलीकडून काही आलं नाही. ती मारतच राहिली. त्या हाकांवरूनच माणसांनी तिला हुडकून काढलं. यमुना बारा वर्षांची होती.

सणाच्या रविवारी देऊळ खच्चून भरलं. वेदीपुढं उसाच्या मोळ्या, ज्वारीची कणसं, भोपळे, अंड्यांच्या पाट्या. बिशपसाहेब म्हणजे पांढऱ्या दाढीचे, थकलेले गृहस्थ. पाळकबाजूलाच, पाळकसाहेबांच्या शेजारी, त्यांची खुर्ची मांडली होती. सगुणाच्या शाळेची पंधरा-वीस पोरंही मंडळीत पुढं बसली होती.

स्तोत्र सुरू झालं. पाळकबाजूनं पहिली ओळ म्हटली, आप्पांचा खर्ज खाली घुमला. आणि सगुणानं पाहिलं, की मनुबाईंच्या हिरव्या पदरावर, खांद्यापाशी, चिमूटभर चुना पडला. पीठ सांडावं तसा.

पडला का? की तिला दिसला? ती डोळे फाडून बघत राहिली. आणखी थोडा पडला. नाही, दिव्याचा उजेड असेल. कवडसा असेल. तिला पुन्हा तो ट्रक आठवला, पायऱ्यांवर विव्हळणारं पोरगं आठवलं.

उत्तराची ओळ तिनं उचलायची होती. गवईबाजूची सगळी माणसं तिच्या तोंडाकडं बघत होती. तिनं तोंड उघडलं आणि आवाज काढला नाही.

आप्पांनी भुवई उंचावली. विसरली असेल म्हणून पाळकबाजूनं पहिली ओळ पुन्हा म्हटली. तरी तिनं उत्तर दिलं नाही. पेटीवरचे हात थांबले. मागं कोणीतरी खोकलं.

सगुणा उभी राहिली. तिनं बाक धरलं.

"तिकडची माणसं उठल्याशिवाय मी उत्तर देणार नाही," ती म्हणाली.

"सगुणाबाई, खाली बसा," पाळकसाहेब दबक्या आवाजात म्हणाले.

"नाही बसणार. आधी त्यांना उठवा."

"भूकंपबाई!" पोरांतून कोणीतरी कुजबुजलं आणि एक हसू फुटलं. सगुणाला रडू आलं, पण तिनं डोळे त्या खांद्यावरून हलवले नाहीत.

"मी भित्री आहे. मला ठाऊक आहे. ट्रकला भिते, पत्र्यावरच्या मांजराला भिते. पण काच दोनदा फुटली. दुसऱ्यांदा धक्का नव्हता, आणि तुकडे लांब गेले. तुम्हाला मी खोटी वाटत असेन तर मनुबाईंच्या खांद्यावर काय पडलंय तेवढं बघा. मला दिसतंय ते खरं आहे का, तेवढंच सांगा मला कुणीतरी."

आप्पा वळले. मनुबाईंच्या खांद्यावरून त्यांनी बोट फिरवलं आणि ते बोट उजेडात धरून पाहिलं. मग मागं भिंतीकडं पाहिलं. तिथं त्यांना काय दिसलं ते त्यांनी कधीच कोणाला सांगितलं नाही, पण त्यांचा चेहरा उतरलेला सगुणानं पाहिला.

"पाळकबाजू," आप्पा म्हणाले, "उठा. एकेक. पळायचं न्हाई. पलीकडं चला."

पाच जण उठले. मनुबाई उठल्या नाहीत. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून त्या म्हणाल्या, "माझी आज्जी हितंच बसत हुती. मी न्हाई उठायची."

मग बिशपसाहेब खुर्चीतून उठले. सावकाश तिच्यापुढं येऊन त्यांनी हात पुढं केला. "बाई, मीही उठलोय. मला चालायला आधार लागतो. चला."

मनुबाईंना नाही म्हणता येईना. बिशपसाहेबांचा हात धरून त्या मधली वाट ओलांडून आल्या, त्यांच्यामागं मुकाट्यानं पाळकसाहेब. गवईबाजूच्या दोन बाकांवर तेरा माणसं दाटीवाटीनं बसली, उरलेली उभी राहिली. स्तोत्र पुन्हा पहिल्यापासून घेतलं. समोर उत्तर द्यायला कोणी नव्हतं, म्हणून सगळ्यांनी मिळूनच दोन्ही ओळी म्हटल्या. भिंत जिथल्या तिथं उभी होती. उपासना संपली, सणाची फळं वाटली, तरी उभीच होती.

बाहेर अंगणात सगुणाशी कोणी बोललं नाही. दोन बाया तिला ऐकू जाईल अशा बोलल्या, की काही जणींना मिरवल्याशिवाय चैन पडत नाही. पाळकसाहेबांनी मान फिरवली. ती सरळ घरी गेली आणि दिवसभर काही खाल्लं नाही. भिंत पडली नाही याचा आनंद व्हायचा तर तिला लाज वाटत होती. पडायला हवी होती की काय असं मनात आलं आणि ती स्वतःलाच घाबरली.

सोमवारी शाळा सुटल्यावर ती देवळाकडं गेली, तेव्हा नाथाजी गवंडी कामाला लागला होता. आप्पांनी कोणाला न विचारताच त्याला कराडकडून बोलावून घेतलं होतं. तो हातोडीनं भिंत ठोकत चालला होता. टण, टण, टण, आणि मग एकदम बद्द. खिडकीखालचा एक दगड त्यानं पहारीनं सैल केला, ओढून काढला आणि त्या भोकात हात घातला. हात कोपरापर्यंत गेला.

पाळकसाहेब, आप्पा, गुंडा, सगळे बघत उभे होते. नाथाजीनं काळ्या चिखलानं माखलेला हात बाहेर काढला.

"आतली माती समदी व्हाऊन गेलीया. ह्यो एक पदर दगडाचा, भाईरला एक, आन् मधी काय बी न्हाई."

"म्हणजे पडली असती?" पाळकसाहेबांचा आवाज बारीक झाला होता.

"आता त्ये मी कसं सांगू, सायेब? उद्या पडली असती, न्हाय तर धा वर्सं ऱ्हायली असती. भिताडाचं काय सांगावं." नाथाजीनं हात धोतराला पुसला. "पर मी हितं भाकरी खायाला बसलो नसतो."

पाळकसाहेब सगुणाकडं वळले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "बाई," ते म्हणाले, "माझी मुलगी त्या बाकावर बसते." एवढंच बोलून ते आत गेले.

सगुणा बाहेर येऊन चिंचेखाली ओकली. आप्पांनी तांब्याभर पाणी आणून दिलं आणि ती चूळ भरेपर्यंत पाठमोरे उभे राहिले.

भिंत मार्गशीर्षात उतरवली. नाथाजीनं नवी बांधली, बाहेरून तीन टेकू दिले. तोवर गायनमंडळ एकाच अंगाला दाटीनं बसलं. बाजू पुन्हा मांडल्या तेव्हा आप्पांनी गवयाची जागा सगुणालाच ठेवली. छातीत दम राहिला नाही म्हणाले. सगुणा गात राहिली, आणि भीतही राहिली. खडीचा ट्रक गेला की अजूनही तिचे हात टेबलाची कड पकडत. फक्त आता ती पोरांना सांगायची, "मला भीती वाटली. काही नाही, ट्रक आहे. वाचा पुढं."

पण भिंत उतरवली त्याच दिवशीची एक गोष्ट राहिली. दिवेलागणीला तिच्या दारात मनुबाई येऊन उभ्या राहिल्या. सणानंतर त्या तिच्याशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. आत या म्हटलं तर आल्या नाहीत.

"चारचौघांत उठवलंस मला," त्या म्हणाल्या.

"हो."

"ऱ्हाऊ दे. आज दुपारी मी बघितलं, भिताडाचं दगड काढत हुते तवा. हिकडून तिकडलं दिसत हुतं." त्या थोडा वेळ पदराचं टोक पिळत राहिल्या. "तवापास्नं मला घरात एकटीला बसवंना झालंय. भिताडाकडं बघितलं की घाम सुटतोय. असंच हुतंय का तुला?"

"असंच होतं."

"रोज?"

"रोज नाही. पण बऱ्याचदा."

मनुबाईंनी तिच्याकडं पहिल्यांदाच नीट पाहिलं. "मग कसं करतीस गं तू?"

"बसते तशीच," ती म्हणाली.

"आज माझ्याकडं ऱ्हायाला येतीस? भाकरी झाल्यात. कालवण तेवढं टाकायचं ऱ्हायलंय."

सगुणानं स्टोव्ह बंद केला, दाराला कुलूप लावलं आणि ती मनुबाईंबरोबर निघाली. वाटेत मनुबाईंनी तिचा दंड धरला. वांग्याचं करू का भेंडीचं, असं त्या विचारत होत्या.